तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची

लिफ्टवाल्यांच्या त्या कंपनीत त्याला कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे त्याला काळजीवाहू म्हणत. निवडणुका होईपर्यंत खुर्ची सांभाळणारं सरकार असतं ना, तसलाच हा माणूस, असं कुणीतरी एकदा चहाच्या वेळी म्हणालं आणि ते नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. फरक एवढाच, की सरकारं कधीतरी बदलतात. ह्याची काळजी मात्र खुर्ची सोडायला तयार नव्हती.

तशी थोडी काळजी त्याच्या धंद्यात हवीच. लिफ्टचं कुठल्याही मजल्यावरचं दार उघडं असेल, तर लिफ्ट जागची हलत नाही. तिच्या पोटात तशी सोयच केलेली असते, आणि त्या सोयीच्या भरवशावर आपण सगळे दार ओढून बिनधास्त आत पाय टाकतो. पण दुरुस्ती करताना कधीकधी दार उघडं ठेवूनच लिफ्ट हलवून बघावी लागते. मग हे लोक वर मशीन रूममध्ये जातात, पॅनेल उघडतात, आणि आत एक वायर जोडून लिफ्टला चक्क थाप मारतात, की बाई गं, सगळी दारं बंद आहेत, तू चाल. लिफ्ट बिचारी ऐकते. काम संपलं की ती वायर आठवणीने काढायची. नाही काढली, तर दारं उघडी टाकून लिफ्ट खुशाल वरखाली करत राहणार. मग कुणीतरी दार ओढणार, पाय आत टाकणार, आणि आत लिफ्ट नसणार.

दुसऱ्या एका कंपनीतला एक मेकॅनिक ह्या एवढ्याशा विसरण्यामुळे आयुष्यातून उठला होता. काळजीवाहूने त्याच्याबरोबर कधीतरी चहा घेतलेला. चांगला हसतमुख माणूस, कामाला वाघ. त्याची बातमी कळली त्या दिवसापासून काळजीवाहूच्या पोटात जो गोळा आला, तो पुन्हा विरघळलाच नाही. संध्याकाळ झाली की त्याला वाटायला लागायचं, आज वायर राहिली असेल तर? मग जेवणावरून उठून हा निघाला साइटवर. वॉचमनला उठवायचा, मशीन रूम उघडायला लावायचा, पॅनेलमध्ये बॅटरी मारून बघायचा. वायर नसायचीच. घरी यायचा, हात धुवायचा, आणि हात पुसता पुसता पुन्हा वाटायचं, नीट बघितलं ना मी?

कंपनीने तर विसरायचं म्हटलं तरी विसरता येऊ नये अशी युक्ती काढली होती. दोघादोघांच्या प्रत्येक जोडीला एकच लाल वायर, आणि तिला विटेएवढा लाकडी ठोकळा बांधलेला. वायर आत असेपर्यंत ठोकळा मध्ये येतो आणि पॅनेलचं दार लागतच नाही. काम संपल्यावर ठोकळा पिशवीत दिसला, की समजायचं, सगळं ठीक आहे. चारचौघांना एवढं पुरत होतं. काळजीवाहू मात्र पिशवीत हात घालून ठोकळा चाचपायचा, दोन पावलं गेला की पुन्हा चाचपायचा, आणि जिना उतरून झाल्यावर सगळी पिशवीच जमिनीवर उपडी करायचा.

शेवटी लोकांच्या तक्रारी आल्या. ह्या माणसाला आवरा, आम्हाला जेवू देत नाही. साहेबांनी बोलावून सांगितलं, "ह्यापुढे तक्रारीचा फोन आल्याशिवाय एकाही साइटवर परत गेलात, तर मी तुम्हाला गोदामात बसवीन. मग बसा नटबोल्टची काळजी करत." बायकोनेही त्याच रात्री त्याच्याकडून शब्द घेतला. ती रागावली नव्हती, आणि म्हणूनच तो शब्द मोडायची त्याला जास्त भीती वाटत होती.

साहेब तसे मनाने बरे. त्यांनी सगळ्यांसाठीच मनःशांतीचं शिबिर ठेवलं. शिबिराच्या बाई मऊ आवाजात बोलत, आणि त्यांना कुणी हसलं तरी त्या रागवत नसत, त्यामुळे हसण्यातली मजाच गेली. त्या म्हणायच्या, श्वासाकडे बघा. विचार आला तर येऊ द्या. त्याच्याशी भांडू नका, त्याला हाकलू नका. "आला का," म्हणा, आणि परत श्वासाकडे या.

"चहा विचारायचा का त्याला?" मागून कुणीतरी बोललं.

"विचारा की," बाई म्हणाल्या. "फक्त त्याच्याबरोबर निघून जाऊ नका."

मग त्यांनी एक प्रश्न टाकला. तुमच्या जिवाभावाच्या माणसाच्या हातून मोठी चूक झाली आहे आणि तो तुमच्यासमोर रडतो आहे. त्याला काय म्हणाल? सगळ्यांनी आपापलं उत्तर मनात ठेवलं. आता तेच स्वतःला म्हणून बघा, बाई म्हणाल्या. काळजीवाहूने प्रामाणिकपणे प्रयत्न केला. मित्रासाठी शब्द पटकन सुचले होते. स्वतःची पाळी आली तेव्हा तोंडात फक्त "गाढवा" एवढंच आलं.

"बाई, हे नाही जमत," तो म्हणाला.

"हरकत नाही. जमत नाही हे कळलं, तेही पुष्कळ झालं."

त्याला त्या बाईंचा भयंकर राग आला. पण माणूस नेटाचा. घरी कॉटवर बसून रोज डोळे मिटायचा. बायको पलीकडे शिलाई मशीनवर लोकांचे पडदे शिवायची, तिच्या मशीनच्या आवाजात हा आपला श्वास शोधत बसायचा. कधी सापडायचा, बहुतेकदा नाही. तरी हल्ली तो साइटवर परत गेला नव्हता. पोटातला गोळा होता, पण त्याला "आला का" म्हटलं की तो थोडा वेळ तरी गप्प बसायचा.

आणि मग पाळी आली डोळ्यांच्या दवाखान्याच्या इमारतीची. तिथे तो पूर्वीही कामाला गेलेला.

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. बरोबर कामाला होती झटपट. झटपट म्हणजे पस्तिशीची, मोटार वाइंडिंगच्या कामातून इकडे आलेली बाई. बोलायला तिखट, हात चालवायला त्याहून. एकटी कमावती, घरी फक्त आई, आणि तीही नुकतीच हॉस्पिटलमध्ये ठेवलेली, त्यामुळे हिचा फोन सारखा वाजत होता. तिसऱ्या मजल्याच्या दाराचं लॉक झिजलं होतं. दार लागल्यासारखं दिसायचं, पण ओढलं की कधी अडायचं, कधी उघडायचं. नवीन लॉक दुसऱ्या दिवशी येणार होतं. तोवर जुनंच घासून बसवायचं, असं दोघांनी ठरवलं. लॉक धड पडलं नाही, तर लिफ्ट त्या मजल्यावरून हलणारच नाही, म्हणजे भीती नाही.

झटपट वर मशीन रूममध्ये गेली. काळजीवाहू जिन्याच्या पायरीवर बसला, पिशवी पायाशी. समोरून डोळ्यावर पट्टी बांधलेली माणसं भिंत चाचपत जात होती, आणि त्याच्या छातीत धडधड सुरू झाली. त्याने डोळे मिटले. श्वास आत, श्वास बाहेर. आणि काय आश्चर्य, त्या दिवशी ते जमलं. कितीतरी वेळ तो नुसता बसून राहिला. डोळे उघडले तेव्हा छाती मोकळी होती. उठून त्याने उघड्या दारात उभं राहून लॉक घासलं, "घे वर!" म्हणून ओरडला, लिफ्ट त्याच्या नाकासमोरून वर सरकली, लॉकचा खटका नीट पडतोय हे त्याने बघितलं. काम संपलं. ठोकळा पिशवीत होता. त्याने तो एकदाच चाचपला, फक्त एकदाच, आणि स्वतःचं त्याला कौतुक वाटलं.

"दाराची चाचणी झाली ना?" त्याने विचारलं. दार उघडं ठेवून बटण दाबायचं आणि लिफ्ट हलत नाही ना ते बघायचं, हे शेवटचं काम मशीन रूममधल्या माणसाचं असतं. झटपट फोन कानाला लावून जिना उतरत होती. तिने मान हलवली आणि अंगठा वर केला. एरवी त्याने दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी म्हणाला, बरं.

संध्याकाळी घरी तो नेहमीसारखा कॉटवर बसला. बायकोचं मशीन घरघरत होतं. नेहमीचा विचार आला, वायर राहिली असेल तर? त्याने "आला का" म्हटलं. विचार थोडा रेंगाळला, निघून गेला. ठोकळा पिशवीत होता, त्याने हाताने चाचपला होता. श्वास आत, श्वास बाहेर.

मग दुसरंच काहीतरी आलं, अगदी हळू. त्यात "असेल तर" वगैरे काही नव्हतं. त्याला नुसता आपला पाय जाणवला. दुपारी पायरीवर बसलेला असताना पिशवीतून ठोकळ्याचा कोपरा त्याच्या घोट्याला टोचत होता. मग तो उठला तेव्हा पिशवी त्याने पायाने बाजूला सरकवली, ठोकळा आत खडखडला. आणि मग उघड्या दारात तो उभा राहिला, आणि लिफ्ट त्याच्या नाकासमोरून वर गेली.

दार उघडं होतं आणि लिफ्ट वर गेली.

ठोकळा जर पिशवीत होता, तर ती थाप मारली कुणी, आणि कशाने?

लगेच दुसरं मन म्हणालं, हे तुझे नेहमीचे खेळ. आज नवीन वेश घालून आलेत, एवढंच. बाईंनी काय सांगितलंय? त्याच्याबरोबर निघून जाऊ नकोस. साहेब काय म्हणालेत? गोदाम. बायकोला काय शब्द दिलायस? तो डोळे मिटून बसून राहिला. भीती आणि आठवण ह्या दोघी त्याच्या डोक्यात एकच आवाज काढून बोलत होत्या. चुकून भीतीचं ऐकलं तर गोदाम ठरलेलं. चुकून आठवणीला गप्प बसवलं तर दवाखान्यातलं कुणीतरी गेलं. तिथे आठ वाजेपर्यंत पेशंट असतात, पट्टी बांधून, भिंत चाचपत.

"अगं," तो म्हणाला.

मशीन थांबलं. "परत?"

"दुपारी दार उघडं असताना लिफ्ट हलली. मी बघितली. आणि ठोकळा माझ्या पायाशी होता."

बायकोने पडदा मांडीवर ठेवला. ती इतकी वर्षं त्याचं ऐकत आली होती, पण आता कान टवकारून ऐकत होती. "पुन्हा सांगा."

त्याने पुन्हा सांगितलं. शब्द तेच होते.

"अहो, रोज तुम्ही मला भीती सांगता," ती म्हणाली. "आज तुम्ही बघितलेलं सांगताय. गाडीची किल्ली खिळ्याला आहे. जा तुम्ही."

"आणि साहेब?"

"गोदामात बसलात तर डबा घेऊन येईन तिथे. जा म्हणते ना."

पायात चपला सरकवता सरकवता त्याने झटपटला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग दवाखान्यात लावला. काउंटरवरची मुलगी त्याला आवाजावरून ओळखत होती, आणि ही काही चांगली गोष्ट नव्हती.

"काका, तुम्ही लिफ्टवालेच ना? मागेही तुम्हीच केला होता फोन. लिफ्ट एकदम मस्त चालू आहे."

"म्हणूनच फोन केलाय," तो म्हणाला. "ती आत्ताच्या आत्ता बंद करा."

"अशी कशी बंद करू? डॉक्टर आत ऑपरेशनला आहेत. मेन स्विच वर मशीन रूममध्ये, किल्ली वॉचमनकडे, आणि तो खाली कुठे दिसत नाही. आणि मागच्या वेळी तुमच्यामुळे लोकांना जिना चढायला लावला, तर मलाच बोलणी बसली."

त्याला ओरडावंसं वाटलं. आला का, तो मनात म्हणाला, आणि ह्या खेपेला ते रागाला म्हणाला. मुलीचं काय चुकलं होतं? तिला मागच्या वेळी फुकट बोलणी बसली होती, आणि तीही ह्याच्याच पायी.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "लिफ्ट राहू द्या. तुमच्याजवळ एखादी रिकामी खुर्ची आहे?"

"खुर्ची?"

"जड बघून घ्या. तुमच्या मजल्यावरच्या लिफ्टच्या दाराला ती टेकवून ठेवा, दार उघडता येणार नाही अशी. मी येईपर्यंत हलवू नका. माझं चुकलं असेल तर उद्या सगळ्यांना माझी गंमत सांगा."

मग मागून कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन कटला. तिने खुर्ची ठेवली की नुसतीच हसली, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. बाकीच्या मजल्यांची लॉकं धड होती. एका तिसऱ्याच मजल्याचा प्रश्न होता, आणि तो एका खुर्चीवर येऊन थांबला होता.

रस्ताभर त्याने काय काय बघितलं म्हणून सांगू. सिग्नलला लाल दिवा लागला की त्याला दिसायचं, कुणी म्हातारी सुनेचा हात सोडून दाराकडे चालली आहे. पुढे बस आडवी आली की दिसायचं, कुणी माणूस एका डोळ्याने दाराची मूठ शोधतो आहे. श्वास आत घ्यायला गेला, तर तो गळ्याशीच अडायचा. तरी तो प्रत्येक सिग्नलला घेत राहिला. जमत नाही हे कळलं, हेही पुष्कळ झालं, असं बाई म्हणाल्या होत्या. त्याने हातांकडे बघितलं, ते ब्रेक पिळत होते. त्याने ते सैल सोडले आणि दिवा बदलायची वाट बघितली, कारण घाईने कुठे आपटला असता तर त्या दारापर्यंत पोचणारं दुसरं कुणीही नव्हतं.

इमारतीत शिरला तेव्हा लिफ्ट तळमजल्यावर उभी होती, आत दिवा. वॉचमनच्या जागेवर नुसतं वर्तमानपत्र. काळजीवाहूने टेबलावरची मशीन रूमची किल्ली उचलली आणि तो जिन्याने पळत सुटला. पन्नाशीचा माणूस, दुसऱ्या मजल्यावरच त्याच्या तोंडाला फेस आला. तो तिसऱ्या मजल्यावर वळला.

लिफ्टच्या दाराला टेकून लोखंडी खुर्ची होती. खुर्चीवर एक आजोबा बसले होते. एका डोळ्यावर पट्टी, गुडघ्यांमध्ये काठी.

"आलं का कुणीतरी!" आजोबा म्हणाले. "केव्हाचा हे दार उघडतोय. उघडायला लागलं, तर मध्ये ही खुर्ची. ती पोरगी म्हणते, हलवू नका. म्हटलं, हलवत नाही, पण बसतो तरी."

काळजीवाहूने त्यांच्या खांद्यामागे बघितलं. दार बोटभर उघडं होतं. फटीतून गार वारा येत होता, आणि आत काळाकुट्ट अंधार.

"आजोबा, उठू नका," तो म्हणाला. "मी येईपर्यंत असेच बसून राहा."

"आत्ताच तर बसलोय. उठायची हौस कुणाला आहे?"

काउंटरवरून मुलीने हात वर केला. "काका, ठेवली बरं का खुर्ची!"

त्याने तिला हात जोडले. ती हसली. तिला वाटलं, गंमत चालली आहे.

वर मशीन रूममध्ये त्याने आधी मेन स्विच पाडला. पॅनेलचं दार व्यवस्थित लागलेलं होतं, शहाण्या मुलासारखं. उघडलं. आत, जिथे लाल वायर लावतात तिथेच, वीतभर निळी वायर होती. टोकं सोललेली, पीळ घट्ट आणि सुबक. असा सुबक पीळ एकाच माणसाचा. झटपटच्या खिशात असले तुकडे नेहमी असायचे, डब्याचं झाकण बांधायलासुद्धा ती तेच वापरायची.

त्याने ती काढली, मुठीत धरली, आणि तिथेच जमिनीवर बसला. आतून राग उसळून आला. एवढी वर्षं हा एकटा लोकांचं हसू अंगावर घेत वायरी चाचपत फिरला, आणि ही बया खिशातला तुकडा मारून खुशाल घरी गेली!

जिन्यावर पावलं वाजली. दारात झटपट उभी होती, धापा टाकत. फोनवर त्याचे मिस्ड कॉल दिसले तेव्हा तिने त्याच्या घरी फोन केला होता, आणि बायकोने तिला सगळं सांगितलं होतं. तिची नजर त्याच्या मुठीकडे गेली. मुठीतून निळं टोक बाहेर आलं होतं.

"माझीच आहे," ती म्हणाली.

"लाल वायर का नाही घेतलीस?" तो इतक्या जोरात बोलला की खोलीत घुमलं. "पद्धत कशाला ठेवलीय मग? पिशवी काय परदेशात होती?"

"पिशवी तुमच्या पायाशी होती." तिचा आवाज बसला होता. "घ्यायलाच खाली आले होते, दादा. तुम्ही डोळे मिटून बसला होतात. इतकी वर्षं तुमच्याबरोबर काम करतेय, तुमचा चेहरा असा कधी बघितला नव्हता. लहान पोर झोपल्यासारखा. म्हटलं, कशाला उठवू माणसाला. उठलात की पुन्हा सुरू होणार तुमचं. खिशात तुकडा होता, तो मारला. लगेच काढणार होते. मग हॉस्पिटलमधून फोन आला, आईला ऑपरेशनला आत घेतायत म्हणून. तुम्ही काय विचारलंत तेही मला धड ऐकू आलं नाही."

त्याच्या रागाला जायला जागाच उरली नाही.

"खाली आजोबा बसलेत खुर्चीवर," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "बघितले मी. दार उघडं होतं. बोला ना काहीतरी. शिव्या द्या मला."

शिव्या तयार होत्या. रोज संध्याकाळी हा स्वतःला ज्या देत आला, त्या सगळ्या त्याच्या जिभेवर रांगेत उभ्या होत्या. गाढवा, माणूस मेला असता. तुझ्या हातात कुणी हत्यार कशाला दिलं. ह्यातली एकही तिला लागू पडत नव्हती असं नाही. पण समोर ती उभी होती, आणि तिच्या केसांना अजून दुपारचंच ग्रीस लागलेलं होतं.

"आधी बस," तो म्हणाला.

ती भिंतीला टेकून खाली बसली. त्याने आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली.

"चूक झाली तुझ्या हातून," तो म्हणाला. "मोठी झाली. ती लहान आहे असं मी म्हणणार नाही. पण तू वाईट नाहीस. तू दमलीस. आई तिकडे, काम इकडे, आणि वर माझ्यासारखा जोडीदार, ज्याला वायर मागायचीही भीती वाटावी. उद्या आपण दोघं साहेबांसमोर उभे राहू आणि झालं ते जसंच्या तसं सांगू. मी नुसता अंगठा बघून गप्प बसलो, तेही सांगू. मग होईल ते होईल. तू एकटी नाही उभी राहणार."

बोलता बोलता त्याला जाणवलं, की हे ती एकटी ऐकत नाहीये. त्याच्या आत कुणीतरी होतं, ज्याला तो रोज संध्याकाळी फैलावर घेत आला होता. तेही मान वर करून ऐकत होतं. हेच शब्द शिबिरात त्याला बाईंसमोर सापडले नव्हते. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत.

"आईचं कसं आहे?" त्याने विचारलं.

"बरं आहे. खोलीत आणलं तिला. मावशीला बसवून आलेय."

खालून काठी आपटल्याचा आवाज आला. "अहो लिफ्टवाले! रात्र इथेच काढू का मी?"

लिफ्ट आता बंद म्हणजे बंद. त्याने मशीन रूमला कुलूप लावलं, तिसऱ्या मजल्याच्या दाराला दोरखंड गुंडाळला, खुर्ची पुन्हा त्याला टेकवली, आणि मुलीला सांगितलं, नवीन लॉक बसेपर्यंत जिनाच. ती तोंड वाकडं करायला गेली, पण त्याचा चेहरा बघून गप्प बसली. मग त्याने आजोबांचा एक हात धरला आणि झटपटने दुसरा.

"छान," आजोबा म्हणाले. "डोळा नीट करायला आलो आणि गुडघे घालवून चाललो. एवढी माणसं तुम्ही, एक लिफ्ट धड ठेवता येत नाही?"

"नाही ठेवता आली," काळजीवाहू म्हणाला. "पायरी आहे आजोबा. सावकाश."

ते उतरत होते. एक पायरी, मग थांबायचं, मग दुसरी. पहिल्या मजल्यावर आजोबा अडून उभे राहिले आणि उघड्या डोळ्याने त्यांनी आळीपाळीने दोघांकडे बघितलं.

"थरथरतंय कोण? मी तर नाही."

"मी," झटपट म्हणाली.

"मी पण," काळजीवाहू म्हणाला.

"मग तुम्ही मला धरलंय, की मला धरून उतरताय?"

झटपट रडता रडता फिसकन हसली. दोघांनीही हात जरा घट्ट धरले.

खाली आजोबांची सून गाडी घेऊन थांबली होती. आजोबांनी तिच्याकडे लिफ्टवाल्यांची भरपूर तक्रार केली आणि ते गाडीत बसून गेले. आपण कशातून वाचलो हे त्यांना कळलंच नाही.

दोघं दारात उभे राहिले. आणि काळजीवाहूच्या पोटातला गोळा हलला. एकच तुकडा होता ना? स्विच पाडला ना मी? कुलूप नीट लागलं ना? त्याचं एक पाऊल आपोआप जिन्याकडे वळलं. झटपटने ते बघितलं. एरवी ती म्हणाली असती, झालं, सरकार निघालं दौऱ्यावर.

"पुन्हा बघून यायचंय?" तिने विचारलं. "चला दादा. मी पण येते तुमच्याबरोबर."

तो थांबला. इतक्या वर्षांत त्याला लोकांनी अडवलं होतं, हसलं होतं, समजावलं होतं, शब्द द्यायला लावले होते. चला, मी पण येते, असं कुणी म्हणालं नव्हतं. त्याने मूठ उघडली. निळी वायर तळव्यावर पडली होती, घामाने ओली, टोकाशी वाकलेली. त्याने ती दुसऱ्या हाताच्या बोटाने चाचपली. एकदाच.

"नको," तो म्हणाला, आणि वायर तिच्या हातावर ठेवली. "तू येते म्हणालीस ना, तेवढ्याने झालं."